‘शाळेत दाखवला तो वेगळा होता’

पत्र थोडक्यात असं:

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईने लिहिलंय. मुलगा 14 वर्षांचा, आठवीत. वर्गात ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी वाचून झाली, त्यावरचा सिनेमा शाळेनेच दाखवला आणि मुलाने घरी हट्ट धरला की आपण सगळ्यांनी मिळून तो पाहायचा. मिरजेहून सासरे आलेले, कॉलेजातली मुलगी सुट्टीला घरी, म्हणून एका रविवारी लावला. ‘सुरुवातीला मी भजी तळत होते, नंतर येऊन बसले,’ असं त्या लिहितात.

सिनेमा संपला आणि घरात चार तोंडं चार दिशांना. नवऱ्याला तो भडक वाटला: ‘एवढी देखणी पोरं कुठे गुंड असतात? आणि ज्याच्या त्याच्या मागे सूर्यास्त!’ मुलगी म्हणाली, यात मुलींना कामच नाही. सासऱ्यांना इंग्रजी जेमतेम कळतं, पण हॉस्पिटलच्या प्रसंगात त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पत्र लिहिणाऱ्या आईंना स्वतःला काहीच आवडलं नाही. ‘चाकू, सिगरेटी, मारामाऱ्या. घर असं कुठे दिसतच नाही. आईबाप नसले की मुलं अशी वाया जातात, असं मी म्हटलं.’ त्यावर मुलगा उसळला. ‘तुला काही कळत नाही. शाळेत दाखवला तो वेगळा होता, त्यात कोर्ट होतं!’ आणि दार आपटून खोलीत गेला. ‘कोर्टाचा असा सीनच नव्हता. हल्ली तो सर्रास खोटं बोलतो.’

गेले काही महिने तो गप्प गप्प असतो. केस वाढवलेत, कापू देत नाही. ‘मार्चमध्ये मित्राकडून खूप उशिरा आला, फोनसुद्धा केला नाही, तेव्हा मी एक ठेवून दिली होती, ते सोडा.’ त्यांचे प्रश्न दोन. असला सिनेमा मुलाला इतका आवडावा, हे काहीतरी बिघडत चालल्याचं लक्षण आहे का? आणि अशी पुस्तकं वर्गात लावू नका, असं शाळेला कळवावं का?

---

नमस्कार ताई,

बाकीचं सावकाश बोलू. एक गोष्ट मात्र आजच्या आज तुमच्या मुलापर्यंत पोचायला हवी, म्हणून आधी तीच लिहिते. तो खोटं बोललेला नाही. शाळेत त्याने पाहिला तो सिनेमा खरोखरच वेगळा होता, आणि त्यात कोर्ट आहे.

‘द आउटसायडर्स’च्या दोन आवृत्त्या आहेत. फ्रान्सिस फोर्ड कपोलाने 1983 मध्ये तो पडद्यावर आणला तेव्हा तो दीड तासाचा होता. तुम्ही घरी पाहिलात तो हाच असणार. पुढे 2005 मध्ये कपोलाने स्वतःच तो पुन्हा हातात घेतला. आधी काढून टाकलेली 22 मिनिटं परत जोडली. त्याच्या वडिलांनी दिलेलं भारदस्त पार्श्वसंगीत बऱ्याच ठिकाणी काढून तिथे एल्विस प्रेस्लीसारख्यांची त्या काळातली गाणी घातली, आणि या लांब आवृत्तीला ‘द कम्प्लीट नॉव्हेल’ असं नाव दिलं. शाळांमध्ये पुस्तकासोबत दाखवायला हीच जास्त सोयीची, कारण ती पुस्तकाला धरून आहे.

ती 22 मिनिटं कसली होती, हे तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. लांब सिनेमात गोष्टीचा नायक पोनीबॉय, गरीब वस्तीतल्या तीन भावांतला धाकटा, थिएटरातून एकटाच घरी चाललेला असतो, श्रीमंत वस्तीतली पोरं गाडीतून उतरून त्याला रस्त्यात गाठतात, आणि त्याचे भाऊ नि मित्र धावत येऊन सोडवतात. पुढे रात्री तो आणि मधला भाऊ सोडापॉप एकाच पलंगावर हळू आवाजात बोलत पडलेले दिसतात. शेवटाकडे कोर्ट येतं. आईवडील अपघातात गेलेल्या या तीन भावांना एकत्र राहू द्यायचं की नाही, याचा तिथे निवाडा होतो. त्यानंतर सोडापॉप रडत घराबाहेर पळत सुटतो, कारण थोरल्या आणि धाकट्याच्या रोजच्या भांडणात दोघंही त्याला आपापल्या बाजूला ओढत असतात.

म्हणजे 1983 मध्ये कात्री चालली ती बरीचशी घरावरच. ‘घर असं कुठे दिसतच नाही’ हे तुमचं वाक्य, तुम्ही पाहिलेल्या सिनेमाबद्दल, अगदी बरोबर आहे. आणि मुलाने पाहिलं त्यात घर होतं. तुम्ही दोघं एकमेकांशी भांडलात, पण भांडणाचा विषय दोघांनी वेगवेगळा पाहिलेला होता. तेव्हा हे पत्र पुढे वाचायच्या आधी त्याच्या खोलीचं दार वाजवा आणि एवढंच म्हणा: ‘कोर्ट होतं. मला आता कळलं. तू खरं बोलत होतास.’ त्याच्यापुढे ‘पण’ लावू नका. वाक्य तिथेच संपू द्या.

आता तुमच्या घरातल्या चार मतांकडे येऊ. तुमच्या पत्रातून मला असं वाटलं की या चारांपैकी एक बरोबर ठरलं की बाकीची चूक ठरतील, आणि ते एक शोधून द्यावं म्हणून तुम्ही मला लिहिलंत. तसं मला करता येणार नाही. हा सिनेमा 40 वर्षांहून जुना आहे आणि मोठ्या माणसांचं नि मुलांचं त्याच्याबद्दल कधीच एकमत झालेलं नाही. तो निघाला तोच मुळी मुलांच्या मागणीवरून. कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोजवळ लोन स्टार नावाची शाळा आहे. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी 1980 मध्ये कपोलाला पत्र लिहिलं की आमच्या मुलांना या पुस्तकावर सिनेमा हवाय आणि तो तुम्ही करावा असं त्यांना वाटतं. खाली मुलांच्या सह्या होत्या. सिनेमा त्या शाळेलाच अर्पण केलेला आहे. तो आल्यावर बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली, अगदी तुमच्या नवऱ्याने मुरडलं तसंच आणि त्याच कारणासाठी: फार सुंदर दिसतो, फार भावुक आहे. ती टीका अगदीच उगाच नाही. त्यातली संध्याकाळची आभाळं मलाही कधी कधी जास्त होतात. पण चौदाव्या वर्षी आपलं दुःख केवढं वाटतं हे आठवून पाहिलं, तर कपोलाने ते त्याच मापाचं दाखवलंय असं माझं मत आहे. मुलांना तो खोटा वाटत नाही, याचं कारण मला तरी हेच दिसतं.

तुमच्या मुलीचं म्हणणं मला पटलं. चेरी ही एकच मुलगी जरा नीट दिसते, आणि तीही थोडाच वेळ. मात्र एक गोष्ट तिला जरूर सांगा, तिचं मत खोडायला म्हणून नव्हे, तिला रस वाटेल म्हणून. हे पुस्तक एका मुलीने लिहिलंय. सुझन एलोइस हिंटन ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातल्या शाळेत शिकत होती. शाळेतून घरी जाताना तिच्या एका मित्राला मारहाण झाली, त्या संतापातून तिने पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं. 1967 मध्ये पुस्तक छापून आलं तेव्हा ती 18 वर्षांची होती. मुलांच्या टोळ्यांबद्दल एका मुलीने लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक गंभीरपणे घेणार नाहीत, म्हणून प्रकाशकाने नावाची नुसती आद्याक्षरं छापायला सुचवलं: एस. ई. हिंटन. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आपल्या वर्गातली मुलं दिसत होती. आसपासच्या मोठ्यांना ती दिसत नव्हती किंवा त्यांना बघायचं नव्हतं.

यावरून तुमच्या वाक्याकडे येते: आईबाप नसले की मुलं वाया जातात. ताई, असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. 1986 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या साऊथ मिलवॉकीच्या शाळांमध्ये आठवीच्याच वाचनयादीतल्या या पुस्तकावर आक्षेप घेतला गेला. दारू आणि नशा फार आहे हे एक कारण होतं, आणि जवळजवळ सगळी पात्रं मोडलेल्या घरांतली आहेत हे दुसरं. पण गोष्ट नीट पाहिली तर उलटंच दिसतं. पोनीबॉयच्या ज्या मित्राच्या, जॉनीच्या, हातून खून होतो, त्याचे आईबाप दोघंही जिवंत आहेत, घरीच आहेत. बाप मारतो, आईला तो असला काय नि नसला काय. त्याला घरी जावंसं वाटत नाही म्हणून तो मोकळ्या मैदानात झोपतो. आणि ज्यांना आईबाप नाहीत त्या तीन भावांचं घर कसंबसं का होईना, चालतं. थोरला डॅरी वीस वर्षांचा. अंगात गुण असून पैशाअभावी कॉलेज राहिलं, आता घरांची छपरं घालायचं काम करतो आणि धाकट्याच्या अभ्यासावरून सतत ओरडतो.

तुमच्या सासऱ्यांना इंग्रजी कळलं नाही, पण हॉस्पिटलात मरणारा जॉनी कोण आहे ते बरोबर कळलं.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याबद्दल. ते मी दोनतीनदा वाचलं. ‘एक ठेवून दिली होती, ते सोडा.’

मला ते सोडता येत नाही.

गोष्टीत पोनीबॉय एका रात्री मैदानात जॉनीशी बोलता बोलता झोपून जातो. घरी पोचेपर्यंत रात्रीचे दोन वाजलेले असतात. डॅरी खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन जागा बसलेला. ओरडाआरडा होते आणि डॅरीचा हात उठतो. पुस्तकात पोनीबॉय सांगतो की त्याच्या घरात आजवर कुणी त्याच्यावर हात उगारला नव्हता. आणि मग एक ओळ आहे जी मी विसरू शकले नाही. डॅरी आपल्या लाल झालेल्या तळहाताकडे बघतो, मग भावाकडे बघतो, आणि त्याचे डोळे विस्फारलेले असतात. पोनीबॉय घराबाहेर धावत सुटतो. त्या रात्रीचं बागेतलं कारंजं, जॉनीचा चाकू नि तो खून, लपायला गाठलेलं पडकं चर्च, तिथली आग, हे सगळं त्यानंतरचं आहे.

उशिरा आलेला मुलगा, काळजीने जागं असलेलं घरचं माणूस, एक चापट. तुम्ही सिनेमाबद्दल पानभर लिहिलंत, पण या प्रसंगाचा त्यात उल्लेख नाही. तुमच्या मुलाला मात्र तो आठवत असणार. त्याने आजोबांसकट सगळ्यांना गोळा करून सोफ्यावर बसवलं आणि हाच सिनेमा लावला, तो तुम्हाला काही दाखवण्यासाठी, असं मी ठामपणे म्हणणार नाही. कदाचित त्याला तो नुसताच आवडला असेल. पण मी तुमच्या जागी असते तर ही शक्यता मनात ठेवली असती.

तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. फोन नाही, अंधार पडलेला, परका देश. तुम्ही त्या संध्याकाळी काय काय मनात आणलं असेल, ते मला कळतं. पुस्तकात पोनीबॉयलाही ते कळतं. हॉस्पिटलात डॅरीला रडताना पाहून त्याच्या लक्षात येतं की आईवडील गेल्यापासून हा माणूस आणखी कुणाला गमवायला भ्यायलाय आणि भीतीपोटी ओरडतोय. तुमच्या मुलाने हेही पान वाचलेलं आहे. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तो तुम्हाला जास्त ओळखत असेल.

म्हणून कोर्टाच्या वाक्यानंतर, एकदोन दिवसांनी, हेही बोला: ‘मार्चमध्ये मी तुझ्यावर हात उचलला. मी घाबरले होते. तरी तसं करायला नको होतं.’ गाडीतून जाताना बोललात तर बरं. समोरासमोर बसवून बोललं की या वयाच्या मुलांना उलटतपासणी वाटते, आणि गाडीत दोघांचे डोळे रस्त्यावर असतात. तो काही बोलला नाही तर रेडिओ लावा आणि घरी या.

सिनेमाबद्दल विचारायचं असेल तर ‘तुला हा का आवडला?’ असं विचारू नका. त्याला त्यात ‘हा कसा काय आवडू शकतो?’ असंच ऐकू येईल. ‘तुला कुठला प्रसंग परत पाहावासा वाटतो?’ असं विचारा. मत मागितलं की माणूस मताचा बचाव करायला लागतो. प्रसंग विचारला की तो प्रसंगच सांगायला लागतो, आणि सांगता सांगता स्वतःबद्दल बोलून जातो. हे इतर आईबाबांनाही सांगते, कारण ‘मुलीला अमुक सिरीयल आवडते’, ‘मुलगा तमुक गाणी ऐकतो’ अशी पत्रं मला दर आठवड्याला येतात. आवडणं म्हणजे तसं वागायची तयारी नव्हे. बहुतेक मुलांना गोष्टीतला धोका आवडत नसतो. त्या धोक्यात कुणीतरी आपल्यासाठी धावत येतं, ते आवडत असतं.

त्याचं पुस्तक वाचायला मागा, नवीन विकत आणू नका. बारा प्रकरणं आहेत, दोनतीन रात्रींत होईल. त्याने खाली रेघा मारल्या असतील तर त्या वाचा आणि त्यावर काहीही बोलू नका. केसांचा विषयही तूर्त राहू द्या. गोष्टीतल्या त्या मुलांना अभिमान वाटावा असं जवळ दुसरं काही नसतं, म्हणून ती केसांना जपतात. चर्चमध्ये लपून बसल्यावर ओळखू येऊ नये म्हणून केस कापावे लागतात, तो प्रसंग वाचलात की तुमच्या लक्षात येईल.

तुमची काळजी मी उडवून लावत नाही. सिनेमातली एक गोष्ट मलाही खटकते. जॉनी गेल्यावर त्यांच्याच टोळीतला डॅली रिकामं पिस्तूल पोलिसांवर रोखतो आणि गोळ्या झेलतो. त्याला मरायचंच असतं, आणि पडद्यावर त्या मरणाला फार तेज चढवलंय. दुःखात असलेल्या मुलाने ते एकट्याने पाहावं असं मला वाटत नाही. त्यावर बोलायला हवं, ‘डॅलीला त्या रात्री कुणी अडवलं असतं तर?’ एवढं जरी विचारलंत तरी पुरे.

आता लक्षणांबद्दल. सिनेमा आवडणं, केस वाढवणं, दार आपटणं ही बिघडत चालल्याची लक्षणं नाहीत. याकडे लक्ष ठेवा: झोप किंवा जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असणं, आवडत्या मित्रांना नि खेळाला एकाएकी सोडून देणं, मार्क घसरत जाणं आणि त्याचं त्याला काही न वाटणं, अंगावर जखमा लपवणं, दप्तरात चाकूसारखं काही सापडणं, ‘मी नसतो तर बरं’ अशा अर्थाचं बोलणं. यातलं काहीही दिसलं तर शाळेच्या समुपदेशकाकडे आणि मुलाच्या डॉक्टरकडे लगेच जा. मरणाचं बोलणं असेल तर थांबू नका. अमेरिकेत 988 या क्रमांकावर फोन किंवा मेसेज करता येतो. भारतातल्या वाचकांसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं. आणि थेट विचारायला भिऊ नका. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असं विचारल्याने ते विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाहीत.

शाळेला पुस्तक काढायला सांगू नका. वर्गशिक्षिकेला भेटून वर्गात यावर काय बोलणं झालं, मुलांनी काय लिहिलं, हे मात्र जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे. पण तुम्ही तक्रार केलीत हे वर्गात कळलं तर मुलाला काय वाटेल याचा विचार करा. जे पुस्तक त्याने तुमच्यापर्यंत आणलं, तेच तुम्ही काढून घेतलंत असं होईल.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांना हे सगळं दूरचं वाटायला नको. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वर सुजय डहाकेने केलेला सिनेमा 2012 मध्ये आला, तेव्हा आमच्याही घरात दोन तट पडले होते. पुस्तक ज्याने नववीत वाचलं होतं त्या भाच्याला मुकुंदच्या मनातलं बोलणं कमी पडलं. ज्यांनी वाचलं नव्हतं ते मोठे म्हणाले, मुलं अभ्यास सोडून हेच करणार का? मी तेव्हा भाच्याला पुस्तक चांगलं की सिनेमा, एवढंच विचारलं. त्याला मुकुंदसारखं कुणी आवडत होतं का, हे विचारायचं राहून गेलं. आता तो तिशीकडे आलाय.

तुमचे सासरे मिरजेला परतायच्या आत लांब आवृत्ती मिळवा आणि ती लावायचं काम मुलालाच सांगा. मध्ये थांबवून आजोबांना मराठीत सांगायचं कामही त्याचंच. भजी आधीच तळून ठेवा, कारण या आवृत्तीत त्या मुलाला रस्त्यात गाठतात आणि त्याची माणसं धावत येतात, ते अगदी सुरुवातीलाच आहे.